सहा महिन्यांत बर्लिन कसं बघावं: पुण्याहून सत्रासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

सहा महिन्यांच्या सत्रात शनिवार-रविवारच्या २६ जोड्या येतात. परीक्षा, असाइनमेंट, धुणं, आठवड्याची भाजी आणि नुसतं खिडकीतून बघूनच पुन्हा पांघरुणात शिरावं असं हवामान, एवढं वजा केलं की हातात १०-१२ उरतात. टूरवाला तीन दिवसांत जेवढं दाखवतो त्याच्या सात-आठपट वेळ हा झाला, पण पैसा त्याच्या पाव. त्यामुळे विद्यार्थ्याने बर्लिन यादी हातात घेऊन बघू नये, वारावार बघावं. कुठल्या वारी काय बंद असतं, कशाची नोंदणी आधी लागते आणि एका बाजूला गेल्यावर तिथलंच आणखी काय उरकतं, हे कळलं की निम्मं काम झालं.

अकरावीला गुण मिळतात म्हणून जर्मन घेतलेले, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळचा वर्ग केलेले किंवा मॅक्सम्युलर भवनातून बी-१ काढलेले, सगळ्यांना ब्रान्डेनबुर्ग दरवाजा पाठ्यपुस्तकातल्या चित्रातून माहीत असतो. अडतं ते तिथे पोचताना.

पुण्यातून निघण्याआधी

विद्यापीठाला ईमेल करून एकच प्रश्न विचारा: शुल्कात सेमेस्टर तिकीट धरलेलं आहे का? बर्लिनच्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच प्रवासाचं तिकीट येतं आणि २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून ते देशभरच्या लोकल आणि रीजनल गाड्यांना चालतं. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या त्यात नाहीत. अनेक खासगी विद्यापीठांत ही सोय नसते आणि हे तिथे गेल्यावर कळलं तर दर महिन्याचं गणित बिघडतं.

प्रवेशाच्या दाखल्याच्या दोन छापील प्रती ठेवा. जर्मनमध्ये त्याला ‘इमाट्रिकुलाट्सिओन्सबेशायनिगुंग’ म्हणतात. शब्द एका दमात म्हणता आला तर तुमची भाषेची परीक्षा तिथेच झाली असं समजा. विद्यार्थी ओळखपत्र हातात यायला काही आठवडे लागू शकतात, तोवर संग्रहालयाच्या खिडकीवर सवलत या कागदावर मिळते.

पुण्यात फॉरेक्सवाले नोटा देतात, नाणी देत नाहीत. उतरल्यावर पहिली नोट मोडून १ आणि २ युरोची चार-पाच नाणी वेगळी बाजूला काढा. संग्रहालयात पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत, ती लॉकरमध्ये ठेवावी लागते आणि बऱ्याच लॉकरना नाणं लागतं. ते परत मिळतं, पण खिशात नसेल तर पुन्हा रांगेत.

बूट नवे नकोत. जुन्या बर्लिनचे पदपथ छोट्या दगडी ठोकळ्यांचे आहेत आणि एका दिवसात १२-१५ किलोमीटर चालणं सहज होतं. निघण्याआधी महिनाभर ते बूट घालून वेताळ टेकडीवर जाऊन या. जाड कोट मात्र पुण्यातून नेऊ नका, तिथेच घ्या. आतून पातळ कपड्यांचे दोन-तीन थर घालायची सवय करा, कारण बाहेर शून्य आणि गाडीत-संग्रहालयात वीस अंश असा खेळ दिवसभर चालतो.

पहिले दोन दिवस गाड्यांचे

बर्लिनची वाहतूक ए, बी, सी अशा तीन पट्ट्यांत विभागलेली आहे. शहराच्या मध्यभागाभोवती एस-बान या लोकल गाड्यांचं एक वर्तुळ आहे, त्याच्या आत ए. तिथून शहराच्या हद्दीपर्यंत बी. हद्दीबाहेरचं सी. विमानतळ सी मध्ये आहे आणि शेजारचं पॉट्सडाम शहरही. नवखा माणूस विमानतळावर उतरून एबी तिकीट काढतो, स्वस्त दिसतं म्हणून, आणि तपासनिसाने धरलं की ६० युरो भरतो. विमानतळावरून येताना एबीसीच काढायचं.

स्टेशनांवर फाटक नाही, कंडक्टर नाही. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि गाडी सुटल्यावर उभे राहतात. छापील तिकीट काढलं तर ते फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही, मग पैसे भरलेले का असेनात. एबीचं एकेरी तिकीट दोन तास चालतं, पण एकाच दिशेने. त्यावर जाऊन परत येता येत नाही. जवळ जायचं असेल तर ‘कुर्त्सश्ट्रेके’ नावाचं स्वस्त तिकीट मागा: यू-बान (भुयारी मेट्रो) किंवा एस-बानचे तीन थांबे, किंवा बस-ट्रामचे सहा.

सेमेस्टर तिकीट मोबाइलमध्ये असतं. बॅटरी संपली की तेही नाही. तपासनीस वाद घालत नाही, कागद देतो. मग आठवडाभरात कार्यालयात जाऊन आपलं वैध तिकीट दाखवलं की थोड्या शुल्कावर सुटका होते. सोपा उपाय पॉवर बँक.

सेमेस्टर तिकीट नसेल तर ‘डॉइचलांडटिकेट’ घ्या. २०२३ च्या मेमध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, नंतर दर वाढत गेले. हे तिकीट म्हणजे दर महिन्याला आपोआप कापली जाणारी वर्गणी आहे, आणि पुढचा महिना नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं. ११ तारखेला आठवण झाली तर पुढच्या महिन्याचेही पैसे गेले.

वर्तुळाच्या गाड्या दोन: एस ४१ आणि एस ४२. फलाटावर गोंधळ होतो, कारण वर्तुळाला शेवटचं स्टेशन नसतं. लक्षात ठेवायची युक्ती आपल्याकडचीच आहे. एस ४१ प्रदक्षिणा घालते, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते. एस ४२ उलटी. पूर्ण फेरा साधारण तासाचा. पहिल्या आठवड्यात एक फेरा नुसता खिडकीशी बसून करा, शहर किती पसरलंय आणि आपण कुठे राहतोय ते एका तासात कळतं. बाकी सगळ्या गाड्यांना दिशा शेवटच्या स्टेशनच्या नावाने असते, म्हणून नकाशावर आपलं स्टेशन बघताना त्या रेषेचं टोकही वाचा.

शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात. फलकावर ‘एरझात्सफेर्केअर’ दिसलं तर त्या टप्प्यात गाडीऐवजी बस आहे, आणि बसला दुप्पट वेळ लागतो. ‘फेल्ट आउस’ म्हणजे गाडी रद्दच. शुक्रवारी रात्री ॲपवर दुसऱ्या दिवसाचा मार्ग बघून ठेवला तर वेळ ठरलेली तिकिटं वाया जात नाहीत. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री यू-बान रात्रभर धावते. इतर रात्री ‘एन’ अक्षराच्या बसवर भिस्त.

पहिली फेरी: १०० नंबरची बस

टूरवाल्यांच्या उघड्या टपाच्या बसवर पैसे घालवू नका. १०० नंबरची साधी दुमजली सिटी बस झूलॉगिशर गार्टन ते आलेक्झांडरप्लाट्स जाते आणि तुमच्या नेहमीच्या तिकिटात अर्धं बर्लिन दाखवते. झूच्या टोकाला ती रिकामी लागते, म्हणून तिथूनच चढा. वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढे, डावीकडे बसा. विजयस्तंभ, राष्ट्रपतींचं बेलव्ह्यू, संसदेची राइशटाग इमारत, हुम्बोल्ट विद्यापीठ, कॅथेड्रल हे सगळं डाव्या हाताला येतं. बसमध्ये शिरायचं पुढच्या दाराने, चालकाला तिकीट दाखवून.

चढण्याआधी झू स्टेशनजवळचं कायझर विल्हेल्म चर्च बघून घ्या. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात मोडलेला मनोरा तसाच ठेवलाय आणि शेजारी १९६१ चं नवं चर्च आहे. बाहेरून ते सिमेंटच्या जाळीचं खोकं दिसतं. आत गेल्यावर सगळ्या भिंती निळ्या काचांच्या. बाहेरूनच ‘कसलं हे’ म्हणून परत फिरणारे खूप.

बसने गेलात तर येताना चाला. आलेक्झांडरप्लाट्सचा टीव्ही मनोरा १९६९ चा, ३६८ मीटर उंच. वर जायचं तिकीट महाग आहे आणि ढग असतील तर वरून फक्त ढग दिसतात; खालून बघितला तरी चालतो. तिथून पश्चिमेला येताना हुम्बोल्ट फोरुमच्या बाहेर सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणाची दगडी प्रतिकृती लागते. घरी फोटो पाठवला तर ‘भोपाळला कधी गेलास’ असा प्रश्न येतो.

पुढे उंटर डेन लिंडेन या रस्त्यावर दोन जागी थांबा. नॉये वाखे या छोट्या देवळासारख्या इमारतीत मेलेल्या मुलाला कवटाळून बसलेल्या आईचा पुतळा आहे, बाकी खोली रिकामी. छताला गोल भोक आहे आणि पाऊस, बर्फ तिच्या अंगावर पडतो, त्यामुळे ही जागा मुद्दाम वाईट हवेत बघावी. समोरच्या बाजूला बेबेलप्लाट्स. १० मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी इथे पुस्तकं जाळली. त्याचं स्मारक जमिनीखाली आहे: २० हजार पुस्तकं मावतील एवढी रिकामी पांढरी कपाटं, वर काच. दिवसा काचेत आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि काही दिसत नाही, लोक त्यावरून चालत निघून जातात. अंधार पडल्यावर आतला दिवा दिसतो, तेव्हा या. विद्यापीठाच्या दाराशी जुन्या पुस्तकांची टेबलं लागतात. अप्पा बळवंत चौकात वाढलेल्यांनी तिथे पाऊण तास धरून चालावं.

शेवटी ब्रान्डेनबुर्ग दरवाजा, १७९१ चा. वरचा चार घोड्यांचा रथ नेपोलियनने १८०६ मध्ये पॅरिसला नेला होता, १८१४ मध्ये परत आला. सकाळी आठच्या आत गेलात तर फोटोत माणसं कमी.

राइशटागचा घुमट

संसदेच्या छतावरचा काचेचा घुमट बघायला एक पैसा लागत नाही, मात्र नाव आधी नोंदवावं लागतं. जर्मन संसदेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन दिवस आणि वेळ निवडायची, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे भरायची आणि ईमेलने येणारं पत्र सोबत ठेवायचं. शोधताना पैसे मागणारी मध्यस्थांची संकेतस्थळं वर दिसतात. ती फुकट मिळणारी गोष्ट विकतात.

नावाचा घोळ इथे होतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून छापलेलं असेल तर तेही भरा. दारावर पासपोर्ट आणि यादी ताडून बघतात, महाविद्यालयाचं ओळखपत्र चालत नाही. उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या वेळा आधीच भरतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे आधी नोंदवा. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास अशी वेळ मिळाली तर उजेड आणि दिवे दोन्ही दिसतात. आत चढण वर्तुळाकार आहे आणि ध्वनिमार्गदर्शक तुम्ही जिथे असाल तिथलं आपोआप सांगतो. घुमट वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टरचा, १९९९ चा. साफसफाईसाठी वर्षातून काही वेळा बंद ठेवतात. त्या तारखा संकेतस्थळावर असतात.

सोमवार आणि रविवार

सोमवारी संग्रहालयं बंद. सरकारी संग्रहालयं, भिंतीच्या स्मारकाचं माहिती केंद्र, ज्यू स्मारकाखालचं दालन, पॉट्सडामचा सान्सुसी राजवाडा, सगळं. सोमवारची सुट्टी आली तर उघड्यावरच्या जागा धरा, किंवा टोपोग्राफी ऑफ टेररला जा. गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या मुख्यालयाच्या जागेवरचं हे प्रदर्शन रोज उघडं आणि फुकट असतं.

रविवारी उलट: संग्रहालयं उघडी, दुकानं बंद. सुपरमार्केटसुद्धा. दुपारी एक ते चार बंदची सवय असलेल्या माणसालाही अख्खा दिवस जड जातो. दूध-ब्रेड शनिवारी आणा. अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनांतली दुकानं उघडी असतात, आणि ‘श्पेटी’ म्हणतात ती कोपऱ्यावरची दुकानं, जिथे सगळं थोडं महाग मिळतं.

उजेडाचंही वेळापत्रक धरा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. हिवाळी सत्रात उघड्यावरचं दहा ते तीन आणि संग्रहालय तीननंतर, हा क्रम पाळा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. वर्ग संपल्यावरही तीन तास फिरता येतं. हिवाळी सत्रवाल्यांनी फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतची सुट्टी राखून ठेवावी.

संग्रहालयांच्या बेटावर

श्प्रे नदीतल्या बेटावर पाच संग्रहालयं आहेत आणि एका दिवसात पाचही करण्याचा बेत दर वर्षी कुणीतरी आखतो. दोनच्या पुढे डोळे नुसते फिरतात. एका फेरीत एक, फार तर दीड. विद्यार्थ्यांना इथे निम्मं तिकीट. खिडकीवर ‘एर्मेझिश्ट, बिटे’ म्हणा आणि कार्ड पुढे करा, न मागता कुणी देत नाही.

पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्तीसाठी पूर्ण बंद झालं. जुन्या मार्गदर्शिका अजूनही त्याला पहिला क्रमांक देतात. समोरच्या बाजूला ‘पेर्गामोनम्युझेउम. डास पानोरामा’ नावाची वेगळी इमारत आहे. तिथे प्राचीन पेर्गामोन शहराचं प्रचंड गोलाकार चित्र आणि काही मूळ शिल्पं आहेत. वाईट नाही, पण बॅबिलोनचं इश्तार दार तिथे बघायला मिळेल असं समजून तिकीट काढू नका.

एकच निवडायचं तर नॉयेस म्युझेउम. १९१२ मध्ये इजिप्तमध्ये सापडलेला राणी नेफर्तितीचा अर्धपुतळा तिथे आहे. त्या खोलीत फोटो काढायला बंदी आहे आणि पहारेकरी ती पाळायला लावतात. इमारतही बघा. युद्धात मोडलेली, दशकानुदशकं तशीच उभी राहिलेली आणि २००९ मध्ये उघडलेली; जुन्या रंगांचे तुकडे आणि नव्या विटा मुद्दाम वेगळ्या ओळखू येतील अशा ठेवल्यात. शनिवारवाड्याच्या जोत्यांवर उभं राहून ‘इथे काय असेल’ असा विचार करणाऱ्यांना यात रस वाटेल. आई-बाबा भेटायला आले तर तीन दिवसांचा म्युझियम पास हिशेबात बसतो. तुमच्यासाठी नाही, कारण तो सलग तीन दिवसच चालतो.

भिंत: रविवारचा एक मार्ग

बर्लिनची भिंत बघायला लोक चेकपॉइंट चार्ली या जुन्या तपासणी नाक्याला जातात. तिथली पहारेकऱ्याची खोपटी प्रतिकृती आहे आणि भोवती आठवणवस्तूंची दुकानं. त्यापेक्षा बेर्नाउअर श्ट्रासे. इथे भिंत एकेरी नव्हती, तर दोन भिंती आणि मधला मृत्युपट्टा अशी रचना होती, हे जागेवर कळतं. फोटोतून ते कळत नाही.

सुरुवात नोर्डबानहोफ या एस-बान स्टेशनपासून करा. १३ ऑगस्ट १९६१ नंतर पश्चिमेच्या गाड्या पूर्व बर्लिनखालच्या बंद स्टेशनांतून न थांबता जात. त्या ‘भुताच्या स्टेशनां’चं प्रदर्शन स्टेशनातच आहे. वर आलात की माहिती केंद्र, तिथून थोडं पुढे पायऱ्यांचा मनोरा. आधी मनोऱ्यावर चढा. वरून समोर भिंत, पट्टा, दिवे आणि टेहळणी बुरूज जसेच्या तसे दिसतात. खाली उतरून रस्त्याच्या कडेने चालत राहा. गंजलेल्या लोखंडी दांड्यांची रांग म्हणजे भिंत गेली ती रेषा. जमिनीवरच्या पट्ट्या म्हणजे खालून खणलेली भुयारं. त्यातल्या एकातून १९६४ मध्ये ५७ जण पलीकडे निसटले, म्हणून त्याचं नावच ‘भुयार ५७’. मृत्युपट्ट्यात अडकलेलं चर्च पूर्वेच्या सरकारने १९८५ मध्ये उडवलं. त्या जागी आता कुटलेल्या मातीच्या भिंतींचं छोटं प्रार्थनाघर आहे.

हे सगळं साधारण १.४ किलोमीटर, वाचत गेलात तर अडीच तास. दुसऱ्या टोकाला माउअरपार्क. रविवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, म्हणूनच हा मार्ग रविवारचा. हिवाळ्याची टोपी, सायकलचं कुलूप, भांडी हे सगळं तिथे मिळतं. दुपारनंतर गर्दी वाढते. पाकीट पुढच्या खिशात.

ईस्ट साइड गॅलरी हा १.३ किलोमीटर लांबीचा रंगवलेला तुकडा वेगळ्या दिवशी, सकाळी लवकर. शहरात इतरत्र रस्त्यावर दगडांची दुहेरी ओळ दिसली तर ती भिंतीची जागा आहे, तुम्ही एका देशातून दुसऱ्यात पाऊल टाकलंत. आणि पदपथात दहा सेंटिमीटर चौकोनी पितळी ठोकळा दिसला तर वाका आणि वाचा: त्या घरातून नेऊन मारलेल्या माणसाचं नाव, जन्मसाल आणि शेवट त्यावर कोरलेला असतो.

डालेम आणि व्युन्सडोर्फ

या दोन जागा पर्यटकांच्या यादीत नसतात, पण पुण्याच्या माणसाने चुकवू नयेत.

डालेमसाठी यू-बानच्या यू ३ ने फ्रायं युनिव्हर्सिटेट स्टेशनला उतरा आणि ईनेश्ट्रासे २२ विचारा. आज तिथे राज्यशास्त्राचा विभाग आहे. १९२७ मध्ये तिथे कायझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली आणि त्याच सुमारास इरावती कर्वे तिथे ऑयगेन फिशरच्या हाताखाली पीएच.डी. करायला आल्या. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध जोडता येईल, ही फिशरची कल्पना होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. पुढे हीच संस्था नाझींच्या वंशशास्त्राचा आधार बनली, ऑशविट्झच्या छळछावणीतून तिथला डॉक्टर मेंगेले इथे नमुने पाठवत असे. इमारतीवर पाटी आहे आणि आत-बाहेर या इतिहासाची मांडणी केलेली आहे. विद्यापीठाची इमारत असल्याने कामाच्या दिवशी जा. डेक्कन कॉलेजच्या आवारात त्यांचं नाव ऐकलेलं असेल तर या साध्या घरासमोर थोडं थांबावंसं वाटतं. तिथून दहा मिनिटांच्या आत, थीलआले ६३ ला, ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी डिसेंबर १९३८ मध्ये अणुविखंडनाचा प्रयोग केला ती इमारत आहे.

व्युन्सडोर्फ बर्लिनच्या दक्षिणेला, सी पट्ट्याच्याही बाहेर. देशभराचं तिकीट असेल तर रीजनल गाडीने जाता येतं. पहिल्या महायुद्धात ‘अर्धचंद्र छावणी’त इथे हिंदी आणि इतर वसाहतींतले युद्धकैदी ठेवले होते. १९१५ मध्ये त्यांच्यासाठी लाकडी मशीद बांधली, ती जर्मनीतली पहिली. कैद्यांचे आवाज जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी तबकड्यांवर नोंदवले, तो संग्रह आज हुम्बोल्ट विद्यापीठाकडे आहे. छावणी उरलेली नाही. जवळच्या त्सेहरेन्सडोर्फच्या जंगलात मात्र हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे, दोनशेहून अधिक नावांची. स्टेशनपासून काही किलोमीटर चालावं लागतं, वाटेत खायला काही नाही आणि जंगलात नेटवर्क जातं. नकाशा आधी उतरवून घ्या, एकट्याने जाऊ नका, हिवाळ्यात तर अकराच्या आधी पोचा.

टेकड्या

बर्लिन ताटासारखं सपाट आहे. ज्या टेकड्या दिसतात त्यातल्या बऱ्याच युद्धातल्या पडक्या घरांच्या राडारोड्याच्या आहेत. टॉयफेल्सबेर्गवरच्या अमेरिकी हेरगिरी केंद्राच्या अवशेषांना तिकीट आहे. शेजारची द्राखेनबेर्ग फुकट, आणि वरून शहर तेवढंच दिसतं. लोक तिथे पतंग उडवतात. शहरात राहूनच चढायचं तर व्हिक्टोरियापार्क, ६६ मीटर, पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्याला खिजगणतीतही नाही. मोकळं आकाश हवं असेल तर टेंपेलहोफर फेल्ड: २००८ मध्ये बंद झालेला विमानतळ, आता मैदान. धावपट्टीवर सायकल चालवता येते. फाटकं सूर्यास्ताला बंद होतात.

शहराबाहेर

पॉट्सडामला एस ७ ने जा आणि ‘पॉट्सडाम हाउप्टबानहोफ’ला उतरा. ‘पार्क सान्सुसी’ नावाचंही स्टेशन आहे आणि नाव वाचून सगळे तिथेच उतरतात, पण ते बागेच्या दुसऱ्या टोकाला, नॉयेस पाले या दुसऱ्या राजवाड्यापाशी आहे. सान्सुसी राजवाडा तिथून दोन किलोमीटरच्या पुढे. राजवाड्याच्या तिकिटावर वेळ छापलेली असते, म्हणून या चुकीने तिकीट हातचं जातं. बाग फुकट. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिक याच्या थडग्यावर लोक बटाटे ठेवतात, कारण बटाट्याच्या लागवडीचा प्रसार त्याच्या नावावर आहे. उपवासाच्या खिचडीवर वाढलेल्यांनी एक ठेवायला हरकत नाही.

साक्सेनहाउझेनची छळछावणी एस १ च्या टोकाला, ओरानियेनबुर्गहून २० मिनिटं चालत. प्रवेश फुकट, किमान तीन तास. त्याच दिवशी संध्याकाळी दुसरा काही बेत ठेवू नका.

आणि एक छोटी चैन: वान्झे ते क्लाडो ही एफ १० क्रमांकाची बोट साध्या एबी तिकिटावर चालते. वीस मिनिटं तळ्यातून, वरच्या डेकवर. उन्हाच्या रविवारी रांग लागते, पंधरा मिनिटं आधी या.

पोट, पाणी, बाकीचं

शाकाहाऱ्यांसाठी एक सापळा. ‘गेम्युझे केबाप’ म्हणजे भाज्यांचा कबाब असं शब्दकोश सांगतो, पण बहुतेक ठिकाणी त्यात कोंबडी असते आणि भाज्या वरून. ‘ओने फ्लाइश’ असं स्पष्ट म्हणा, किंवा फलाफल घ्या. सूपबद्दल मटणाचा रस्सा घातलाय का ते विचारा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. हॉटेलात ते आपणहून आणून देत नाहीत, बाटली सोबत ठेवा. विकतच्या बाटलीवर ठेव असते, एकदाच वापरायच्या बाटली-डब्यावर २५ सेंट. सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकली की चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्या. स्वच्छतागृहाला ५० सेंट ते १ युरो, म्हणून संग्रहालयातून बाहेर पडण्याआधी उरकून घ्या.

लाल फरसबंदीची पट्टी सायकलींची. तिथे उभं राहून नकाशा बघणारा नवखा, हे अख्ख्या शहराला कळतं, घंटी वाजवून ते तुम्हालाही कळवतात.

ज्यूंच्या स्मारकाच्या २,७११ ठोकळ्यांवर चढून फोटो काढू नका. सुरक्षारक्षक उतरवतात, आणि बरोबर करतात. हिटलरी सलाम गमतीतही करू नये, तो गुन्हा आहे. स्वस्तिकाचं तसं नाही, कायद्याचा रोख नाझींच्या चिन्हावर आहे, धार्मिक वापरावर नाही. तरीही गळ्यातलं लॉकेट किंवा मोबाइलच्या कव्हरावरचं स्वस्तिक अशा जागी झाकून ठेवा. समोरच्याला आपली बाजू समजावून सांगायला बी-१ पुरत नाही.

आलेक्झांडरप्लाट्सला सह्या मागणारे आणि वाट्यांखाली गोळी लपवणारे भेटतील. दोघांपासून सारखंच लांब राहा. पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२.

निघायच्या महिन्यात तीन कामं १० तारखेच्या आत: प्रवासाची वर्गणी रद्द, वाचनालयाची पुस्तकं परत, आणि राइशटागची पुन्हा एक नोंदणी, या वेळी सूर्यास्ताची.